ठकूआत्याची सुभेदारीण

तुमच्या घरातलं मुकं जनावर दमलं आहे, हे तुम्हाला कशावरून कळतं?

कुणी म्हणेल डोळ्यांवरून. कुणी म्हणेल, खायचं टाकलं की कळतं. उंबरदऱ्यात विचारलंत तर तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, पाठीवरून. आधी पाठीवर तळहात ठेवायचा, बोलायचं नाही, उभे राहिलेले केस खाली बसेपर्यंत थांबायचं. मग कळतं. हे त्यांना ठकूआत्यानं शिकवलं, असं म्हणतात. आता ठकूआत्याला बघितलेलं माणूस गावात एकही नाही. तिला बघितलेल्या माणसांना ज्यांनी बघितलं, तेही आता थकले. पण हात ठेवायची पद्धत राहिली.

फार वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडची मोठी लढाई संपली, त्या सुमाराची ही गोष्ट.

उंबरदरा तेव्हाही असाच होता. गाव डोंगराच्या सपाटीवर आणि पाणी खाली दरीत. दरीत एक जुना उंबर, उंबराच्या मुळाशी खडकात कोरलेलं टाकं. गावातली विहीर आटायची, पण हे टाकं कधी आटलं नाही. टाक्याकडं जायला खडकातली पायऱ्यांची वाट होती. वाट एवढी अरुंद की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. गावातले बैल रोज या वाटेनं एकामागं एक खाली उतरायचे, पाणी पिऊन वर यायचे. माणसांपुरतं पाणी बाया घागरींनी आणायच्या.

या गावात ठकूबाई नावाची एक विधवा बाई होती. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. तिच्याकडं चार शेळ्या होत्या, एक तीन पायांचं कुत्रं होतं आणि कुठून कुठून आलेली मांजरं होती. कुणाच्या गाईचं वासरू आडवं आलं, कुणाच्या शेळीचा पाय मोडला, कुणाच्या कुत्र्याच्या कानात किडे पडले, की लोक आत्याला हाक मारायचे. ती यायची, आधी जनावराला पाणी पाजायची, मग पाठीवर हात ठेवायची. औषध त्याच्या नंतर. घाईला आलेला माणूस म्हणायचा, "आत्या, आधी पाला तरी लावा." ती म्हणायची, "तुला कुणी न विचारता पाला लावला तर चालंल का रं?"

असं म्हणतात, की तिचा हात पाठीवर पडला की मारकी म्हैससुद्धा डोळे मिटायची.

एका चैत्रात गावातला गेनू लढाईवरून परत आला. चार वर्षं तो पलटणीत खेचरं हाकायला होता. लोकांना वाटलं, गेनू काहीतरी घेऊन येईल. बैलजोडी घेईल, घर शाकारील. गेनू आला तो एक म्हातारं खेचर घेऊन. तपकिरी रंगाची मादी, एक कान टोकाला फाटलेला, पुढच्या खुरावर सरकारी आकडा. लढाई संपल्यावर पलटणीनं म्हातारी खेचरं काढून टाकली, त्यातली ही त्यानं मागून घेतली होती.

पारावर बसलेल्या म्हादूनं पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हादूचं तोंड गावात सगळ्यात आधी उघडायचं.

"काय गेनू, सरकारनं बिल्ला दिला न्हाई वाटतं? गाढवाची मावशी दिली?"

सगळे हसले. गेनूही हसला, आणि हसता हसता खोकला. लढाईतून तो छातीत काहीतरी घेऊन आला होता, ते त्याला नीट हसू द्यायचं नाही. मग पारावर बसून त्यानं सांगितलं. एका उजाड डोंगरावर त्याची तुकडी तीन दिवस अडकली होती. वर पाण्याचा थेंब नाही, पाणी सगळं खाली. पहिल्याच खेपेला हाकणारा गोळी लागून पडला. हे खेचर थांबलं नाही. पाण्याचे डबे घेऊन ते एकटंच वर आलं. डबे रिकामे केले, तसं एकटंच खाली गेलं. खालच्या माणसांनी डबे भरले, परत वर. त्या दिवशी तिनं अकरा खेपा केल्या. कान त्यातच फाटला.

"अकरा?" म्हादू म्हणाला. "मग सुभेदारच करायची की हिला!"

तेव्हापासून खेचराचं नाव सुभेदारीण पडलं. ठेवलं होतं चेष्टेनं.

सुभेदारणीची एक सवय होती. रोज उजाडलं की ती गोठ्यातून निघून गावाच्या वेशीत जाऊन उभी राहायची. कूस वळवून, मान खाली घालून, ओझं चढवून घ्यायला उभं राहावं तशी. पलटणीत रोज सकाळी तेच चालायचं. गेनू मागून जायचा, तिच्या पाठीवर थाप द्यायचा आणि म्हणायचा, "आज सुट्टी." मग ती कान हलवून परत यायची. एखाद्या दिवशी गेनू झोपून राहिला तर ती ऊन चढेपर्यंत तशीच उभी राहायची. बाया पाण्याला जाताना म्हणायच्या, "गेनू, तुझी बाई हजेरीला उभी हाय रं!"

त्या वर्षी श्रावणात पोळा आला. पोळा तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे, त्याला खांदमळणी म्हणतात. चोळून झालं की बैलाच्या कानाशी जाऊन सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांचा तो मान असतो. दुसऱ्या दिवशी वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि सजवलेले बैल त्याखालून गावात आणतात. ते जेवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही.

तर पोळ्याच्या सकाळी वेशीला तोरण लागलं, बैल रांगेनं आले, आणि वेशीच्या मधोमध सुभेदारीण नेहमीसारखी कूस वळवून उभी होती. हैबती पाटील मानाचा बैल घेऊन पुढं होते. पाटील वाईट माणूस नव्हते, पण रीतीला फार चिकटलेले.

"गेनू, हिला बाजूला घे."

"पाटील, शिंगांना रंग न्हाई लावत मी हिच्या. शिंगंच न्हाईत," गेनू म्हणाला. "नुसती तोरणाखालनं जाऊ द्या. लई राबलीय ती."

"राबली असंल तिकडं. जे राबतं त्याचा पोळा, गेनू. जे राबून बसलं त्याचा न्हाई. उद्या समदी म्हातारी गुरं आणून उभी करतील लोक."

ठकूआत्या गर्दीत होती. तिनं सुभेदारणीच्या पाठीवर हात ठेवला, तिला बाजूला घेतलं आणि बैल पुढं गेले. तिच्या हाताखाली सुभेदारणीची पाठ थरथरत होती. बैल गेले, धूळ बसली, तरी थरथरत होती.

माघात गेनू गेला. जायच्या आदल्या दिवशी त्यानं आत्याला बोलावून घेतलं.

"आत्या, सुभेदारीण तुमच्याकडं. ओझ्याचं पालाण तुमच्या गोठ्यात आढ्याला टांगा, ते तिथंच राहू द्या. हिच्या पाठीवर ओझं ठेवू नका. हिचं वाहून झालंय. आन् रोज सकाळी सांगावं लागतं..."

"ठाव हाय. आज सुट्टी."

"शब्द?"

"शब्द," आत्या म्हणाली.

मग रोज सकाळी आत्या वेशीत जाऊ लागली. थंडी असो, ताप असो. तळहात ठेवायची, केस बसेपर्यंत थांबायची, म्हणायची, "आज सुट्टी." असं म्हणतात, की या एका कामासाठी आत्यानं लेकीच्या घरी मुक्काम करणं सोडलं.

पुढचा आषाढ कोरडा गेला. श्रावण लागला तरी आभाळात काही नाही. गावची विहीर तळाला गेली, पण टाकं होतं, म्हणून कुणी फार घाबरलं नाही. आणि मग गावात लाळ्या-खुरकूत आली.

पहिल्यांदा पाटलांच्या मानाच्या बैलाच्या, हरण्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबल्या. मग शेजारच्या दावणीला, मग त्याच्या शेजारच्या. चार दिवसांत गावातले बावन्न बैल आजारी पडले. जिभेला फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा. बैल पाय टेकेनात. उभं राहता येईना तिथं दरीत कोण उतरणार? आणि तापानं तर बैलाला दुप्पट पाणी लागतं.

आत्यानं बाभळीच्या सालीचा काढा करायला लावला, तुरटीच्या पाण्यानं तोंडं धुतली, कडुलिंबाच्या पाण्यानं खुरं धुतली. दिवसभर ती एका दावणीवरून दुसऱ्या दावणीला जायची. "रोगाला भिऊ नका," ती सांगायची. "हा रोग आठा-दहा दिसांत उतरतो. पण पाणी पाजा. पाण्यावाचून मरतील, रोगानं न्हाई."

बाया घागरी घेऊन उतरल्या. एका खेपेला एकच घागर. गडी कावडी घेऊन उतरले. पण एका बैलाला चार घागरी, बावन्न बैलांना किती, ते तुम्हीच बघा. दोन दिवसांत बायांच्या माना आखडल्या, एक गडी पायरीवरून घसरून पाय मोडून बसला. तिसऱ्या दिवशी म्हादूचा बैल गेला. म्हादू त्या दिवशी पारावर आला नाही.

त्याच संध्याकाळी हैबती पाटील आत्याच्या अंगणात आले. पागोटं हातात होतं.

"ठकूबाई, मागायला तोंड न्हाई मला."

"मग कशापायी आला?"

"हरण्या कोरडी गव्हाण चाटतोय. बघवंना."

 पाटलांनी गोठ्याच्या आढ्याकडं बघितलं. पालाण तिथंच टांगलेलं होतं.

"मी शब्द दिलाय, पाटील. जित्या माणसाला दिलेला शब्द परत मागता येतो. गेनूकडं कुठं जाऊ मागायला?"

पाटलांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि ते गेले. आत्याही त्यांच्या मागं गेली, हरण्याला बघायला. तिनं त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. ओल उरलेल्या जनावराची कातडी लगेच खाली बसते. आत्यानं मग दुसऱ्या बैलाची बघितली, तिसऱ्याची बघितली. सगळ्यांची तशीच.

सकाळी उजाडताना ती वेशीत गेली. सुभेदारीण कूस वळवून उभी होती. आत्यानं पाठीवर तळहात ठेवला. केस खाली बसले. आता दोन शब्द म्हणायचे होते. आत्याच्या तोंडातून ते निघेनात. 

असं म्हणतात, की सुभेदारणीनं तेव्हा मान वळवून आत्याकडं बघितलं. पलटणीच्या जनावराला गप्प राहणं कळतं. सुट्टी नाही, हे तिला कळलं. ती वेशीतून निघाली, चालत आत्याच्या गोठ्यात आली आणि आढ्याला टांगलेल्या पालाणाखाली जाऊन उभी राहिली. कुणी तिला नेलं नाही. सगळ्या आळीनं बघितलं.

आत्यानं पालाण खाली काढलं. पाटलांच्या कोठीतून दोन जुन्या पखाली आल्या. पखाल म्हणजे पाणी भरायची कातड्याची मोठी पिशवी. लोक मदतीला धावले, तशी आत्यानं सगळ्यांना थांबवलं.

"ओझं मी चढवीन. शब्द मोडला तर मी मोडला, हिच्या माथी न्हाई. आन् ऐका. हिच्यासमोर कुणी चाबूक धरायचा न्हाई. वाटंत हिच्या पुढं कुणी चालायचं न्हाई. ती थांबली तर थांबू द्यायची."

पहिल्या खेपेला आत्या सुभेदारणीसोबत खाली गेली. दुसऱ्या खेपेलाही गेली. तिसऱ्या खेपेला सुभेदारीण आत्याची वाट न बघता निघाली. टाक्यावर बायांनी पखाली भरल्या, ती वळली. वर गड्यांनी पखाली रिकाम्या केल्या, ती वळली. संध्याकाळी म्हादू पारावर बोटं मोजत बसला होता.

"अकरा," तो म्हणाला.  "गेनू खोटं बोलत नव्हता."

त्या दिवसांबद्दल गावात अजून पुष्कळ सांगतात. सुभेदारीण खाली टाक्यावर असतानाच वरचे बैल माना उचलायचे, असं म्हणतात. अरुंद वाटेवर तिच्या पखालीतून पायरीवर एक थेंब पडला नाही, असं म्हणतात. एवढ्या बैलांचं पाणी जाऊनही टाकं बोटभर खाली गेलं नाही, असंही म्हणतात. हा रोग दुभंगलेल्या खुराच्या जनावराला धरतो, अखंड खुराला धरत नाही, म्हणून सुभेदारीण त्यातून सुटली, हे आत्याला माहीत होतं. पण गावातले लोक म्हणायचे, रोगसुद्धा तिला बाजूला होऊन वाट देतो.

नऊ दिवस सुभेदारणीनं पाणी वाहिलं. नऊ दिवसांत एकही बैल गेला नाही. लाळ थांबली, खुरं सुकली. हरण्यानं पहिल्यांदा गवताची पेंढी ओढून खाल्ली, तेव्हा पाटील तोंड फिरवून उभे राहिले.

नवव्या दिवशी आत्यानं पालाण उतरवलं आणि तिची पाठ बघितली.

काय झालं होतं, ते गावात आजही हळू आवाजात सांगतात. जुन्या पखाली शिवणीतून पाझरत होत्या. म्हणूनच थेंब पायरीवर पडला नाही. तो आत, पालाणाखालच्या नमद्यात, म्हणजे लोकरीच्या जाड गादीत मुरत होता. ओला नमदा पाठीला घासून घासून सुभेदारणीच्या पाठीवर तळहाताएवढी जखम झाली होती, आणि ती जुनी होती, चार-पाच दिवसांची. आत्या रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत बैलांच्या दावणीला असायची. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी कुणीतरी गडी पालाण चढवायचा आणि कुणीतरी उतरवायचा. ओझं मी चढवीन म्हणालेली आत्या पहिल्या दिवसानंतर परत फिरकलीच नव्हती.

"बावन्न पाठी बघितल्या," आत्या म्हणाली. "एक राहिली."

तिनं जखम धुतली, हळद आणि तेल लावलं. पण सुभेदारणीला ताप चढला. दुसऱ्या दिवशी ती वेशीत गेली नाही. गोठ्यात आडवी झाली आणि उठलीच नाही. दाणा पुढं ठेवला, तिनं हुंगलासुद्धा नाही. आत्या तिच्या डोक्याशी बसून राहिली. तीन पायांचं कुत्रं येऊन सुभेदारणीच्या पोटाशी झोपलं. आत्यानं गेनूचं नाव एकदाही काढलं नाही, पण शेजारणींनी सांगितलं, की ती अधूनमधून दाराकडं बघायची, कुणी विचारायला येणार असल्यासारखी.

आणि पोळा आला. त्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, घरोघरी तूप-हळद कालवली गेली. बैल अजून अशक्त होते, पण उभे होते. रीतीप्रमाणे पहिली खांदमळणी पाटलांच्या हरण्याची व्हायची. गाव पाटलांच्या गोठ्यापाशी जमलं. पाटील तूप-हळदीची वाटी घेऊन बाहेर आले, हरण्यापाशी न थांबता पुढं गेले, गोठ्याबाहेर पडले आणि आत्याच्या घराची वाट चालू लागले. लोक एकमेकांकडं बघत मागून गेले.

पाटील गोठ्यात सुभेदारणीशेजारी खाली बसले. पाठीला हात लावता येत नव्हता, म्हणून त्यांनी तिची मान चोळली. नीट चोळली, दोन्ही बाजूंनी.

"मी मागं काय बोललो, ते समद्या गावानं ऐकलंय," ते म्हणाले. "आता हेबी ऐकू द्या." मग त्यांनी फाटक्या कानाशी तोंड नेलं. "सुभेदारीणबाई, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

त्यांच्या मागून म्हादू पुढं आला. त्याच्या दावणीचा बैल गेला होता, त्यामुळं त्याच्या घरी त्या वर्षी खांदमळणी नव्हती. त्याच्याही हातात वाटी होती. "बाईसाहेब," तो म्हणाला, "उद्या पुरणाची पोळी हाय बरं. सरकारी दाणा न्हाई." एवढं बोलून तो तिची मान चोळू लागला.

मग एकेक घर आलं. ज्यांच्या दावणीचे बैल वाचले, ती सगळी घरं आली. प्रत्येकानं मान चोळली, प्रत्येकानं आवतण दिलं. सुभेदारीण डोळे मिटून पडली होती. ऐकत होती की नाही, कुणाला कळलं नाही. जाताना पाटील आत्याला म्हणाले, "आवतण गावानं दिलंय. ती जेवल्याशिवाय उद्या गावात कुणी जेवणार न्हाई."

"आन् उठलीच न्हाई तर?" आत्यानं विचारलं.

पाटलांनी रिकामी वाटी सुभेदारणीच्या उशाशी ठेवली आणि ते निघाले.

पुढं काय झालं ते सांगते. त्याआधी तिथं आज काय करतात, ते ऐका.

उंबरदऱ्यात ठकूआत्याचं देऊळ नाही. वेशीच्या आत डाव्या हाताला एक ओटा आहे, त्यावर दगडाची हाताएवढी शिळा. शिळेवर काही कोरलेलं नाही. आजारी कुत्र्याचं पिल्लू, डोळे आलेलं मांजर, अंगावर दूध न येणारी शेळी, पोरं त्यांना उचलून आधी इथं आणतात, पाणी पाजतात, मग सरकारी दवाखान्यात नेतात. आत औषध देण्याआधी तिथले डॉक्टरसुद्धा आता पाठीवर हात ठेवून थांबतात. न थांबून काय करतील, धरून आणणारं पोरच सोडत नाही. म्हातारं झालं म्हणून जनावर बाजारात नेणारं घर उंबरदऱ्यात सापडणार नाही. राखण करून थकलेलं कुत्रं अंगणातच असतं, त्याची भाकरी तेवढी दुधात कुस्करतात.

गेनूच्या मागं या गावातले पुष्कळ जण पलटणीत गेले. आता कुणी बर्फात आहे, कुणी वाळवंटात. पोळ्याला रजा काढून जो येईल, तो ओट्यापाशी पाटीवर खडूनं नावं लिहितो. माणसांची नव्हे. लिहिता लिहिता सांगतो, आमच्या तुकडीत एक कुत्रं होतं, जमिनीतले सुरुंग हुंगून काढायचं. आमच्या चौकीवर एक खेचर होतं, बर्फातून रॉकेल आणायचं. आमच्याकडं एक उंटीण होती, तिच्यासारखी वाट कुणाला कळायची नाही. काही नावांपुढं लिहितात, आहे. काही नावांपुढं लिहितात, गेली. मग खांदमळणीच्या संध्याकाळी गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस तूप-हळदीची वाटी घेऊन उभं राहतं, गावाबाहेर तोंड करतं आणि पाटीवरचं एकेक नाव घेऊन म्हणतं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." घरच्या बैलांची खांदमळणी त्याच्या नंतर. जे राबून आलं, त्याचं आवतण आधी, ही रीत हैबती पाटलांनी घातली.

आणि पोळ्याच्या सकाळी तोरणाखालून पहिला बैल जाण्याआधी वेशीची ती जागा थोडा वेळ मोकळी ठेवतात. पोरंसुद्धा तिथं पाय ठेवत नाहीत. मग गावातली एखादी बाई पुढं येते, रिकाम्या जागी हात ठेवल्यासारखा करते, थोडी थांबते, आणि दोन शब्द म्हणते. कुठले, ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्या पहिल्या आवतणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा गोठा रिकामा होता. ती तशीच वेशीकडं धावली. तोरण बांधून झालं होतं, बैल आणि माणसं अलीकडंच थांबली होती, आणि तोरणाखाली सुभेदारीण कूस वळवून उभी होती. आत्यानं जखम चुकवून तिच्या पाठीवर तळहात ठेवला, केस खाली बसेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "आज सुट्टी." सुभेदारणीनं कान हलवले. मग पाटलांनी पुरणाची पोळी पुढं केली आणि ती जेवली.